दुकानाच्या पायरीवरची कलाफेरी

चार-पाच माणसं एकदम दुकानाची पायरी चढली आणि त्यांच्या हातात पिशवी नसून कागद असला, की तालुक्याच्या गावातला दुकानदार ओळखतो: वर्गणी. गणपती, जयंती, सप्ताह, क्रिकेटचे सामने; पावतीपुस्तकं वेगळी, घेणारे हात बरेचदा तेच. तो मुकाट्याने शंभराच्या दोन नोटा काढतो, पावती गल्ल्याखाली सरकवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याच्या बाजारात चित्रकार, गाणारे, गोधड्या शिवणाऱ्या बाया आणि दुकानदार यांना एका संध्याकाळी एका रस्त्यावर आणायचं कुणी मनावर घेतलं, तर त्याची पहिली गाठ पडेल ती या सवयीशी. चित्रं लावायला भिंती मिळतील, कलाकारही मिळतील. पण दुकानदाराने एकदा का तुम्हाला वर्गणीच्या खान्यात टाकलं, की दोनशे रुपयांपलीकडे त्याचा तुमच्याशी संबंध उरत नाही.

अशा संध्याकाळला इंग्रजीत ‘आर्ट वॉक’ म्हणतात. आपण कलाफेरी म्हणू. पद्धत अगदी सोपी आहे. ठरल्या दिवशी बाजारातली पंधरा-वीस दुकानं उशिरापर्यंत उघडी राहतात, प्रत्येकात किंवा प्रत्येकापुढे एकेक कलाकार आपलं काम मांडून बसतो, आणि लोक हातात छोटा नकाशा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, व्यासपीठ नाही. अमेरिकेत पोर्टलंड शहरातल्या गॅलऱ्यांनी १९८६ पासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री दारं उघडी ठेवायला सुरुवात केली. फिलाडेल्फियाच्या जुन्या भागात १९९१ पासून पहिला शुक्रवार धरला. एकेकट्या गॅलरीकडे माणूस वाट वाकडी करून येत नाही. वीस दारं एका वेळी उघडी असली तर येतो. आठवडी बाजार भरवणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. एकटा वांगी घेऊन बसलेला माणूस दिवसभर बसून राहतो, शंभर जण बसले की सगळ्यांचाच माल खपतो.

फेरी हॉलमध्ये न भरवता दुकानांतून का काढायची, याचं उत्तर पायरीत आहे. प्रदर्शनाच्या दालनात शिरायला आपल्याकडचा माणूस बिचकतो. आत काय बोलायचं, किती वेळ उभं राहायचं, काही घेतलं नाही तर चालेल का, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. कापडाच्या दुकानात मात्र ब्लाउजपीस घ्यायला आलेली बाई हक्काने शिरते, पन्नास ठाण उलगडायला लावते आणि काही न घेता “उद्या येते” म्हणून उतरते. तिथे तिला कुणाची भीड नाही. त्याच भिंतीवर चित्र लावलं, तर ती त्याच हक्काने त्याच्याकडे बघेल, आवडलं नाही तर तसं तोंडावर सांगेल. चित्रकाराला असा प्रेक्षक दालनात मिळत नाही.

दुकान आणि चित्र यांची सोयरीक मराठी मुलखाला नवी नाही. मुंबईत १९४१ साली केकू गांधी यांनी केमिकल मोल्डिंग हे नाव आखडून ‘केमोल्ड’ या नावाने चित्रांच्या चौकटी बनवण्याचा धंदा सुरू केला. चौकट विकायची तर आत काहीतरी लावून दाखवावं लागतं. त्यांनी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानात आरा, हुसेन यांच्यासारख्या तरुण चित्रकारांची चित्रं लावली. त्या काळात त्या मुलांना विचारणारं फार कुणी नव्हतं, आणि जहांगीर कलादालन उघडायला १९५२ साल उजाडायचं होतं. गिऱ्हाईक यायचं चौकट बघायला आणि नजर अडकायची आतल्या चित्रावर. पुढे १९६३ मध्ये याच उद्योगातून जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी उभी राहिली. आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास सांगताना हे नाव टाळता येत नाही, पण त्याचं मूळ दुकानदाराच्या साध्या गरजेत आहे: रिकामी चौकट खपत नाही.

सावंतवाडीला चितार आळी आहे. लाकडी आंबे, फणस, केळी, पाट, बैलगाड्या, भातुकलीची भांडी, सगळं रंगवून मांडलेलं. नावच सांगतं की चितारी तिथे वसले आणि बाजार त्यांच्याभोवती वाढला. पणजीच्या फोंतेन्हास भागात याच्याही पुढचं पाऊल टाकलं गेलं: जुन्या घरांच्या मालकांनी उत्सवापुरत्या आपल्या बैठकीच्या खोल्या चित्रांसाठी मोकळ्या केल्या, आणि लोक घर बघण्याच्या निमित्ताने चित्रं, चित्रं बघण्याच्या निमित्ताने घरं बघत हिंडले. मुंबईचा काळा घोडा महोत्सव तर सर्वांना ठाऊक आहे. १९९८ मध्ये त्या परिसरातल्या लोकांनी संघटना काढली, १९९९ पासून महोत्सव सुरू झाला. प्रवेश फुकट. एरवी मोटारींनी भरलेला रस्ता त्या दिवसांत पायी चालणाऱ्यांचा होतो. जमलेल्या निधीतून संघटना परिसरातल्या जुन्या वास्तूंची डागडुजी करते; फोर्टातला बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळाचा मनोरा असाच दुरुस्त झाला. कलेच्या नावाने आलेला पैसा शेवटी त्याच गल्लीच्या भिंतींना लागतो, हे तिथल्या दुकानदाराला दिसतं. म्हणून महोत्सव टिकून राहतो.

पण लोह्याच्या माणसाला एवढ्या लांब जायचं कारण नाही. नांदेडहून लातूरकडे निघालं, की लोहा ओलांडल्यावर याच तालुक्यातलं माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तिथे खंडोबाची यात्रा भरते. दक्षिण भारतातली सर्वांत मोठी यात्रा अशी तिची ख्याती आहे. लोक घोडे, गाढवं, उंट, देवणी आणि लाल कंधारी बैल बघायला येतात, आणि जनावरांच्या बाजारासाठीच तिचं नाव घेतात. मला तिच्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथे व्यापार आणि कला यांच्यामध्ये कुंपण नाही. देवस्वारी निघते, भंडारा उधळला जातो, ‘यळकोट यळकोट जय मल्हार’चा गजर होतो, आणि त्याच धुळीत एका बाजूला घुंगरमाळा, मोरक्या, गोंडे, झुली विकणारे बसलेले असतात, दुसऱ्या बाजूला तमाशाचे तंबू लागलेले असतात. वाघ्या-मुरळी, गोंधळी, वासुदेव, पोतराज, बहुरूपी आपापल्या जागी असतात. घोड्याचा सौदा पटला की सौदागर खिसा सैल करून लावणीच्या तंबूकडे वळतो. नांदेड जिल्हा परिषद तिथे लावणी महोत्सव, लोककलांचे कार्यक्रम, कुस्त्या, पशू आणि कृषी प्रदर्शन भरवते.

या यात्रेत ढोलकीवाल्याला कुणी ‘कलेची सेवा’ करायला बोलवत नाही. तो कमवायला येतो. फडाचा मालक सुपारी ठरवून घेतो, तंबूच्या जागेचा हिशेब करतो, गर्दीचा अंदाज बांधतो. घोंगडीवाला घोंगडीचा भाव सांगताना लाजत नाही, तसा तोही लाजत नाही. शहरातल्या कलाफेऱ्या बसवायला निघालेल्या मंडळींना नेमकं हेच जड जातं. कलाकाराला ते म्हणतात, “तुम्हाला व्यासपीठ मिळेल.” दुकानदाराला म्हणतात, “तुमचं नाव होईल.” दोघांच्याही हातात काही पडत नाही. पहिल्या वर्षी दोघेही भिडेखातर येतात. दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत.

मग लोह्यात फेरी काढायची तर हिशेब कसा मांडायचा? समजा वीस दुकानं प्रत्येकी पंधराशे रुपये देतात. तीस हजार झाले. पंधरा कलाकारांना प्रत्येकी पंधराशे मानधन दिलं, तर साडेबावीस हजार जातात. उरलेल्या साडेसात हजारांत दिव्यांच्या माळा, नकाशाची छपाई आणि चहा. यात पाहुण्यांच्या शाली बसत नाहीत, आणि न बसलेल्याच बऱ्या. दुकानदाराकडे जाताना पावतीपुस्तक न्यायचं नाही. नकाशाचा कच्चा आराखडा न्यायचा आणि त्यावर त्याचं दुकान दाखवायचं. पंधराशे रुपयांना त्याला काय मिळतं, ते स्पष्ट सांगायचं: नकाशावर नाव, दारात किंवा शेजारच्या दारात एक कलाकार, आणि सहा ते नऊ या वेळात पायरीपर्यंत चालत येणारी माणसं. चित्र विकलं गेलं तर पैसे कलाकाराचे. मोठ्या शहरांतल्या गॅलऱ्या विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी निम्मासुद्धा ठेवून घेतात, पण त्या वर्षभर चित्रकाराला सांभाळतात. एका संध्याकाळसाठी दुकानदाराने हिस्सा मागू नये. त्याची कमाई त्याच्या मालावर होईल.

आता कुणाला कुठे बसवायचं, हा खरा मजेचा भाग. कापडाच्या दुकानात गोधड्या आणि तांड्यावरच्या बंजारा बायांचं कवड्या-आरशांचं भरतकाम शोभतं, कारण तिथे येणारी बाई टाका ओळखते आणि मोल जाणते. भांड्यांच्या दुकानात चित्र लावून उपयोग नाही. स्टीलच्या चकाकीत काहीच दिसत नाही; तिथे आवाज हवा, एखादा संबळ किंवा तुणतुणं. कृषी सेवा केंद्रात बियाण्यांच्या पोत्यांमध्ये बैलांची चित्रं लावावीत आणि ज्याने ती काढली त्याने शेतकऱ्यांचे शेरे ऐकावेत. शिंग कुठे वळतं, वशिंड केवढं असतं, यावर कंधार-लोह्याच्या माणसाइतका कठोर समीक्षक मिळणार नाही. औषधाच्या दुकानाला फेरीत घेऊ नये. तिथे घाईत आलेल्या माणसाला गर्दीतून वाट काढायला लावणं बरं नव्हे.

आणि पेंटर. फ्लेक्स येण्याआधी बाजारातली प्रत्येक पाटी, ट्रकच्या फळ्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीतल्या भिंती, सगळं हातानं रंगवलं जायचं. एका अक्षराला सावली देऊन ते उठावदार करायची हातोटी या माणसांकडे होती. हुसेनही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत. फ्लेक्सने ती रोजी खाल्ली. कलाफेरीत अशा एका पेंटरला भर रस्त्यात, लोकांसमोर, एखादं शटर रंगवायला द्यावं. चित्र टांगलेलं बघायला लोक दोन मिनिटं थांबतात, चित्र होताना बघायला वीस मिनिटं थांबतात. कलाशिक्षकांनाही विसरू नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसलेल्या मुलांची चित्रं एका दुकानात लावली, की प्रत्येक चित्रामागे आई, बाबा, आजी आणि दोन मावश्या आपोआप येतात.

रस्ता अर्ध्या किलोमीटरहून लांब नको. सगळ्यांत ओढीच्या दोन गोष्टी दोन टोकांना ठेवायच्या: एका टोकाला गावातलं नावाजलेलं मिठाईचं दुकान, दुसऱ्या टोकाला भारूड किंवा गोंधळ. म्हणजे मधली सगळी दुकानं आपोआप वाटेत येतात. मध्ये दोन-तीन शटरं सलग बंद आणि अंधार असला, की माणसं तिथूनच माघारी फिरतात. तेव्हा जो दुकानदार फेरीत नाही, त्याच्या दारावरही दिव्याची माळ सोडायची, त्याला न विचारता नव्हे, पण त्याच्याकडून पैसे न घेता. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा. आपल्याकडे देवाच्या फोटोच्या सवयीने सगळं छताजवळ टांगतात आणि मान दुखते. किंमत कागदावर लिहून चिकटवायची. किंमत दिसली नाही तर आपला माणूस विचारत नाही, त्याला वाटतं आपल्या ऐपतीबाहेरचं असणार. चारशेचं रेखाचित्र चारशेचं आहे, हे कळलं तर तो निदान घासाघीस करतो.

आणखी एक युक्ती फुकटची आहे. प्रत्येक दुकानदाराकडे रबरी शिक्का असतोच: दुकानाचं नाव, प्रो.प्रा., गाव लोहा, जिल्हा नांदेड. नकाशाच्या मागे वीस चौकोन छापायचे आणि प्रत्येक दुकानात तो शिक्का मारून द्यायचा. शिक्के गोळा करायला मुलं आई-बापांना शेवटच्या दुकानापर्यंत ओढत नेतात. गर्दी एका जागी साचत नाही. आणि रात्री जमा झालेले नकाशे मोजले, की किती माणसं कुठवर गेली, याचा पक्का हिशेब हातात येतो.

गर्दी साचणं ही लहान गोष्ट नाही. लॉस एंजेलिसच्या मध्यभागात २००४ मध्ये अशी फेरी सुरू झाली आणि काही वर्षांत तिला इतकं उधाण आलं, की गॅलरीवालेच तक्रार करू लागले: लोक खायला-प्यायला येतात, चित्रांकडे कुणी बघत नाही. जुलै २०११ मध्ये फेरीच्या रात्री एक मोटार पदपथावर चढली आणि दोन महिन्यांचं बाळ दगावलं. त्यानंतर आयोजकांना सगळी घडी बदलावी लागली. लोह्याला नांदेड-लातूर महामार्गाची वाहतूक आहे. तेव्हा फेरी महामार्गावर अजिबात नको, आतल्या बाजारपेठेत हवी, आणि तिथेही त्या तीन तासांत दुचाकीसुद्धा नको. त्यासाठी नगरपरिषद आणि पोलीस ठाण्याची परवानगी आधी काढावी लागते, वीज कुठून घ्यायची ते महावितरणशी बोलावं लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. नऊला संपवलं तर हा प्रश्नच येत नाही. हातगाडीवाल्यांना मात्र ‘शोभा जाते’ म्हणून हटवू नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या जागेला संरक्षण दिलं आहे, आणि भज्यांच्या वासाशिवाय आपल्याकडे कुणी चालत नाही.

शटरावर काढलेल्या चित्राबद्दल एक कागद करून ठेवणं शहाणपणाचं. चित्रकाराने आपणहून काढलेलं चित्र विकलं, तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. तो लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याचा होत नाही. पण पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा होतो. काम मोडण्या-पुसण्याचा प्रश्न आणखी वेगळा. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भलं मोठं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये ते उखडून गोदामात टाकलं गेलं. सहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना अवशेष परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. सरकारचं हे झालं, तर किराणावाल्याने पुढच्या दिवाळीला शटर पुन्हा रंगवायचं ठरवलं तर? म्हणून दोन ओळी आधीच लिहायच्या: चित्र किती दिवस राहील, पुसण्याआधी कळवायचं का, जाहिरातीत वापरायचं झालं तर किती द्यायचे. दोन सह्या. पुढची भांडणं वाचतात.

दिवस कुठला धरायचा? जूनमध्ये पेरणी, माणसाला मान वर करायला वेळ नाही. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, तेव्हा कापडवाल्याला कलाकार नको, आणखी दोन नोकर हवे असतात. सोयाबीन मोंढ्यात येऊन गेलं की दिवाळीपासून गावात पैसा खेळतो, पुढे कापूस, मग तूर. मार्गशीर्षात हवा गार असते, हुरड्याचे दिवस येत असतात, आणि माळेगावच्या वाटेवर फड, घोडे, घोंगडीवाले निघालेले असतात. यात्रेच्या आदल्या आठवड्यातली एखादी संध्याकाळ धरली, तर वाटेवरचा एखादा शाहीर किंवा गोंधळी एका रात्रीची बिदागी घेऊन लोह्यात थांबू शकतो. त्याला वेगळा प्रवासखर्च नाही, लोह्याला वेगळी जाहिरात नाही.

उद्घाटन करू नये. केलं तर शेवटी करावं. सहाची फेरी पाहुण्यांसाठी साडेसातपर्यंत थांबली, हार-तुरे, प्रास्ताविक, मनोगतं झाली, आभार झाले, की लेकरं पेंगायला लागतात आणि बाया स्वयंपाकाला घरी जातात. त्यांच्यासाठी तर फेरी होती.

नऊला दिवे उतरवायच्या आधी प्रत्येक दुकानात एक चक्कर मारायची. किती माणसं आली, असं विचारायचं नाही. दुकानदार तोंडदेखलं “लई आली” म्हणेल. विचारायचं ते माळेगावात तंबू उतरवताना विचारतात तसं: पुढच्या साली हीच जागा धरू का? तो गल्ला बंद करत, नोटांना रबर लावत, वर न बघता म्हणाला, “धरा की, पण तो ढोलकीवाला माझ्या दारात द्या, अवंदा समोरच्याला दिलता,” तर ते वहीत लिहून घ्यायचं.